बाबांनी ऐकलेली मैदानं

लंडनच्या लॉर्ड्स मैदानाला उतार आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, कॉमेंट्रीत कुणी ना कुणी ते म्हणतंच, पण उतार म्हणजे नक्की किती ते तिथे उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं. एका बाजूच्या बाउंड्रीपासून दुसऱ्या बाजूच्या बाउंड्रीपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा फरक! म्हणजे आपल्या घराच्या दाराच्या चौकटीहून जास्त. ग्रँड स्टँडकडून टॅव्हर्न स्टँडकडे अख्खं मैदान कलंडलेलं आहे आणि त्यावर जगातलं सगळ्यात नावाजलेलं क्रिकेट चालतं. पॅव्हिलियनच्या बाजूने टाकलेला बॉल उजव्या बॅट्समनच्या आत येतो, नर्सरी एन्डकडून टाकला की बाहेर स्लिपकडे जातो, आणि बॅट्समनला प्रत्येक ओव्हरला डोक्यात सगळा हिशोब नव्याने मांडायला लागतो. हे कळलं आणि मग मला आपला बॅट्समन दिलीप वेंगसरकर कळला.

माझं हे वेड बाबांकडून आलंय. ते 1971 ला नववीत होते, गिरगावात चाळीत राहायचे, आणि अजित वाडेकरच्या टीमने त्या एका वर्षात आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवलं ते सगळं त्यांनी रेडिओ आणि पेपर एवढ्यावरच जगून घेतलं. त्यांच्या तोंडून पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ओव्हल ही नावं मी इतकी ऐकली की मला ती आमच्या नातेवाइकांची गावं वाटायची. स्वतः ते भारताबाहेर कधीच गेले नाहीत. नोकरी लागल्यावर मी ठरवलं की दोन-तीन वर्षांतून एक ट्रिप, आणि ती क्रिकेटच्या गावालाच.

पहिलं श्रीलंकेतलं गॉल, कारण सगळ्यात जवळ आणि खिशाला परवडणारं. कोलंबो फोर्टहून गाडी पकडायची आणि उजव्या हाताची खिडकी धरायची, समुद्र रुळांच्या इतका जवळ येतो की भरतीच्या वेळी शिंतोडे उडतील असं वाटतं. गाडीत इस्सो वडे विकायला येतात, डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेली असते, कागदात बांधून वर तिखट, दोन खाल्ले की जेवणाची गरज नाही. आणि मग गॉल. एका बाजूला पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी वाढवलेला किल्ला, एका बाजूला गाव, दोन्हीकडे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जागेत टेस्टचं मैदान. किल्ल्याच्या तटावर लोक छत्र्या घेऊन बसतात आणि वरून मॅच बघतात, तिकीट नाही काही नाही. मला शिवाजी पार्कचा कट्टा आठवला, अगदी तस्साच, फक्त पाठीमागे समुद्र.

15 ऑगस्ट 2015 ला मी त्या तटावर होते. आपल्याला जिंकायला 176 हवे होते आणि आदल्या संध्याकाळी 23 वर एक अशी अवस्था होती, म्हणजे स्वातंत्र्यदिनी टेस्ट जिंकायची असंच सगळे धरून चाललेले. श्रीलंकेचा स्पिनर रंगना हेराथने सात विकेट काढल्या आणि आपण 112 ला संपलो. टीव्हीवर बघितलं असतं तर मी म्हटलं असतं, काय हे, स्पिनर खेळता येत नाही? पण तिथे वारा सारखा कानात घोंगावत होता, ओढणी हातात धरून बसावं लागत होतं, आणि त्या वाऱ्यात हेराथ बॉल हवेत सोडून द्यायचा, तो लटकायचा, वळायचा आणि मग पडायचा. वरून तो लटकणारा बॉल स्पष्ट दिसतो. त्याच टेस्टमध्ये अजिंक्य रहाणेने आठ कॅच घेतले, एका टेस्टमध्ये फिल्डरने एवढे कॅच त्याआधी कुणीच घेतले नव्हते. आपण हरलो त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही, मला ते अजूनही खटकतं.

मुरलीधरनने 800 वी विकेट घेतली तीही इथेच, 2010 ला, आपल्याच विरुद्ध, शेवटच्या टेस्टची शेवटची विकेट. पण माझ्या मनात जास्त राहिलंय ते थ्रीव्हीलरवाल्या काकांचं बोलणं. 2004 च्या त्सुनामीत हे मैदान पूर्ण वाहून गेलं होतं, तीन वर्षं इथे टेस्ट झाली नाही, डिसेंबर 2007 मध्ये परत सुरू झाली. काकांनी पाणी कुठवर आलं ते हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं आणि मग लगेच म्हणाले, मॅच परत आली तेव्हा गाव परत आलं असं वाटलं.

लंडनला लॉर्ड्सची टूर घेतली (आधीच बुक करा, मॅचच्या दिवसांत नसते). लाँग रूम, म्युझियममधला अ‍ॅशेसचा तो एवढासा कलश, सगळं बघितलं, पण मी थांबले ती पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममधल्या, शतकं करणाऱ्यांची नावं लिहिलेल्या बोर्डासमोर. वेंगसरकर, 1979, 103. वेंगसरकर, 1982, 157. वेंगसरकर, 1986, नाबाद 126. लॉर्ड्सवर तीन टेस्ट शतकं करणारा इंग्लंडबाहेरचा तो पहिला बॅट्समन. त्या बोर्डावर गावसकर नाही, सचिन नाही, पण आठव्या नंबरला येऊन नाबाद 109 करणारा अजित आगरकर आहे, हिरव्यागार पिचवर 103 करणारा रहाणे आहे. उतार बघून आलेली असल्यामुळे प्रत्येक आकड्याचं वजन वेगळं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी लंडनचंच दुसरं मैदान, ओव्हल. तिथे सरेची काउंटी मॅच चालू होती आणि लंचला प्रेक्षकांना मैदानात फिरायला सोडतात हे मला माहीतच नव्हतं! लोक मुलांना घेऊन आउटफिल्डवर उतरले, मीही उतरले. मधलं पिच दोरी लावून बंद केलेलं. दोरीपाशी जाऊन मी बराच वेळ अंदाज घेत उभी राहिले की एकनाथ सोलकर कुठे उभा असेल. 1971 ला चंद्रशेखरने 38 धावांत सहा विकेट काढल्या त्या डावात सोलकरने फॉरवर्ड शॉर्ट लेगला इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा कॅच घेतला, पुढे झेपावून, जमिनीला अगदी लागून, तो फोटो आमच्या घरी पेपरातून कापून ठेवलेला आहे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. हेल्मेट नाही. मी दोरीबाहेरून चार पावलं मोजली आणि मला पोटात कसंतरी झालं, इतक्या जवळ माणूस बॅटसमोर उभा राहतो? तेव्हा, 1971 ला, गणपतीचे दिवस होते, चेसिंग्टनच्या झूमधून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती, बाबांच्या चाळीत त्या संध्याकाळी आरती दोनदा झाली म्हणे.

मेलबर्नला मावसबहीण असते म्हणून 2018 ची बॉक्सिंग डे टेस्ट जमली. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, एवढं मोठं आहे की सगळ्यात वरच्या मजल्यावर बसलं तर आधी बॅट फिरलेली दिसते आणि मग टक् असा आवाज येतो, किंचित उशिरा. पुजाराच्या 319 बॉलच्या 106 मध्ये तो टक् फार कमी वेळा आला हेही खरं, पण त्यानेच मॅच बांधली. तिसऱ्या दिवशी बुमराहने 33 धावांत सहा काढले. 1877 ला पहिली टेस्ट इथेच झाली, 1971 ला पहिली वनडेही इथेच. दोन वर्षांनी अ‍ॅडलेडला आपण 36 वर ऑल आउट झालो त्यानंतर रहाणेने कॅप्टन म्हणून इथे 112 केले तेव्हा मी घरी अडकलेले होते, पण तो कुठल्या कोपऱ्यातून चालत आला असेल ते मला माहीत होतं.

आणि मग 2023, त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन. भारत-वेस्ट इंडिजची 100 वी टेस्ट. लांबचा प्रवास, दोन विमानं बदलून, पैसेही बरेच गेले. क्वीन्स पार्क ओव्हलच्या मागे हिरवे डोंगर आहेत आणि ढग त्या डोंगरांवरून खाली येताना आपल्याला बसल्या जागी दिसतात. सकाळी रस्त्यावर डबल्स खायचे, ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पोळ्या, मध्ये चण्याची उसळ, चिंचेची चटणी, कागदात गुंडाळून देतात आणि तिखट किती ते विचारतात. देणाऱ्या आजींचे पूर्वज बिहारकडचे. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनी एकच शब्द उच्चारला, गावसकर.

1971 ला इथेच तो पदार्पण करून 65 आणि नाबाद 67 करून गेला, आणि शेवटच्या टेस्टला परत येऊन दात दुखत असताना 124 आणि 220. पण बाबा नेहमी आधी दिलीप सरदेसाईंचं नाव घेतात. मडगावचा माणूस. किंग्स्टनला 75 वर पाच गेलेले असताना सोलकरला घेऊन उभा राहिला आणि 212 करून गेला, मग पोर्ट ऑफ स्पेनला 112, आणि आपण वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्यांदा टेस्ट जिंकलो. सरदेसाईंनी रस्ता केला म्हणून सुनील चालला, हे बाबांचं ठाम मत आहे आणि माझंही.

माझ्या त्या 2023 च्या टेस्टच्या पाचव्या दिवशी आपल्याला जिंकायला आठ विकेट हव्या होत्या आणि सकाळपासून पाऊस. एक बॉलही पडला नाही. खूप वाईट वाटलं, पण मी स्टँडमध्येच बसून राहिले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ झाले होते. मी कॅमेरा फिरवून झाकलेलं पिच दाखवलं, पॅव्हिलियन दाखवलं. बाबा काहीच बोलेनात, मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "अगं, हे डोंगर कुणी सांगितलेच नव्हते." आणि थोड्या वेळाने, "तू बोलू नकोस, फोन तसाच धर जरा."

मी तसाच धरला, बॅटरी संपेपर्यंत.