मे महिन्यातली विहीर, शिमग्यातली सही

काम संपलं, शेवटचं बिल निघालं की आमच्याकडे एक बैठक होते. या कामातून आपण काय शिकलो, हा तिचा विषय. तोवर निम्मी माणसं दुसऱ्या साइटवर गेलेली असतात आणि मुकादमाला तर त्या बैठकीला कोणी बोलावतच नाही. 'समन्वय वाढवावा', 'नियोजन काटेकोर असावे' अशी चार वाक्यं लिहून होतात, सह्या होतात, फाइल कपाटात जाते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावच्या नळपाणी योजनांची कामं बघते, ठेकेदाराकडून, प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. त्या फाइलमधलं एकही वाक्य पुढच्या कामावर मला उपयोगी पडलेलं नाही. उपयोगी पडलं ते जुन्या सहकाऱ्यांनी चहा पिताना सांगितलेलं. त्यांच्या बोलण्यात एक रुखरुख पुन्हा पुन्हा येते: ती विहीर मे महिन्यात बघायला हवी होती.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि उताराने समुद्राकडे निघून जातं. गावाशेजारचा पऱ्या जानेवारीपर्यंत खळखळतो, फेब्रुवारीत नुसते डोह उरतात, एप्रिलमध्ये दगड. आता योजनेचा उद्भव, म्हणजे ज्या विहिरीतून पाणी उचलायचं ती, तपासायची कधी? अंदाजपत्रकाची घाई असते, म्हणून पाऊस सरल्यावर लगेच. नोव्हेंबरात पंप लावून विहीर उपसली तर ती काही तासांत पुन्हा भरते. कागदावर सगळं उत्तम. माणशी दिवसाला 55 लिटर, त्या हिशेबाने टाकी, त्या हिशेबाने पंप, ऊर्ध्ववाहिनीचा, म्हणजे पाणी टाकीपर्यंत चढवणाऱ्या पाईपचा, व्यास. गणितात कुठेही चूक नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पंप हवा ओढायला लागतो.

अशाच एका योजनेवर मी मध्येच रुजू झाले होते. पाईप पुरून झालेले, टाकीचा वरचा स्लॅब ओतून झालेला. टाकीजवळच्या घरात पाणी प्यायला गेले, तर तिथल्या आजींनी विचारलं, "बाय, ही इहीर कोणी दाखवली तुमाला?" मग त्यांनी हातवारे करून सगळं सांगितलं. हनुमान जयंतीपर्यंत पाणी तिसऱ्या पायरीला असतं, पुढे तळ दिसतो. वरच्या अंगाला, वडाच्या खाली एक डोह आहे, तिथलं आटत नाही. "भर वैशाखात म्हशी बसतात तितं." मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. डोहाच्या काठावर वाळलेल्या खुरांचे थर होते. तो डोह विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. सर्वेक्षणाच्या वेळी जीप ज्या रस्त्याने आली तो रस्ता विहिरीशी संपतो, पुढे पायवाट आहे, एवढाच काय तो फरक. आजींना विचारणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

गावांत घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं तेव्हा मुदत 2024 ची होती, ती पुढे 2028 पर्यंत वाढवली गेली. मुदत वाढते तेव्हा आमच्या क्षेत्रात आरडाओरडा होतो. मला वाटतं, वाढलेल्या मुदतीतला एक उन्हाळा प्रत्येक उद्भवासाठी राखून ठेवला तरी तिचं सोनं होईल.

दुसरी गोष्ट सणांची. शहरात बसून केलेल्या बारचार्टमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात, शिमगा नसतो. गणपतीचे फार तर दोन दिवस सुट्टीचे धरलेले असतात. इथे फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, पालखीचे वेध लागतात. पालखी घरोघर जाते, पाखाडीने, म्हणजे वाडीतल्या चिऱ्यांच्या पायवाटेने जाते, आणि आमचे पाईपही त्याच पाखाडीखालून न्यायचे असतात. चिरे उपटलेले आहेत, चर उघडा आहे, अशा वाटेवर पालखी कशी नाचणार? तिथे काम थांबतंच, आणि थांबायलाच हवं. गावाची वाट गावाची आहे. म्हणून पालखीच्या वाटेवरचे चर फाल्गुन लागायच्या आत बुजवून, चिरे परत बसवून द्यायचे. हे ज्यांना माहीत असतं ते मुकादम पौषातच त्या बाजूने खोदाईला लागतात.

पण सणातली खरी गोष्ट वेगळी आहे. टाकीला जागा लागते, साधारण दोन गुंठे. सातबारा उघडावा तर त्यावर तीस-चाळीस नावं. त्यातले निम्मे विरार, नालासोपारा, दिव्याला. संमतीपत्रासाठी त्यांच्यामागे फोन करत फिरायचं म्हणजे वर्ष जातं. फोनवर प्रत्येकजण म्हणतो, "थोरल्याला विचारा." हेच सगळे चाकरमानी गणपतीत आणि शिमग्यात एका पडवीत बसलेले असतात. बारचार्टमध्ये ज्या आठवड्यावर 'काम बंद' असा शेरा आहे, त्याच आठवड्यात आमचं सगळ्यात अडलेलं काम होऊ शकतं. आता मी त्या दिवसांत रजा घेत नाही. आरती झाली की कागद घेऊन बसते. नकाशा जमिनीवर पसरते, टाकी कुठे, तुमच्या घराला नळ कुठून येणार ते दाखवते. सही नाही मिळाली तरी का मिळत नाही ते कळतं, आणि ते कळणं फार मोलाचं असतं.

कारण हे 'का' आमच्या कुठल्याच वहीत उतरत नाही. साइटवर हिंडरन्स रजिस्टर असतं. अडथळा कधी आला, कशाचा, कधी दूर झाला, किती दिवस गेले, दोन्ही बाजूंच्या सह्या. काय बिघडलं हे रोजच्या रोज लिहिलं जातं अशी ती एकमेव वही. पण ती लिहिली जाते मुदतवाढीसाठी, दंड टाळण्यासाठी. म्हणून तिच्यात येतं: 'जागामालकाच्या हरकतीमुळे काम बंद'. मालकाच्या कलमांना मोहोर आला होता, जेसीबी आत घातला तर धूळ बसेल आणि मुळं तुटतील म्हणून तो आंबा उतरेपर्यंत थांबा म्हणत होता, हे येत नाही. पुढच्या गावातही कलमं आहेत, पुढच्या वर्षीही मोहोर येणार आहे. पण पुढच्या मॅनेजरला वहीत फक्त 'हरकत' दिसते, आणि तो पोलीस बंदोबस्ताचा अर्ज लिहायला घेतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या बागायतदाराचं म्हणणं रास्त होतं आणि ते आम्हाला कामाच्या क्रमात सहज बसवता आलं असतं: आधी सड्यावरची, म्हणजे वरच्या उघड्या कातळावरची लाइन, मग बागेतली.

धडा कुठे उतरला तर टिकतो, याचं माझ्यापुरतं उत्तर मला कोकण रेल्वेत सापडलं. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्रीच्या उतारांतून नव्वदहून अधिक बोगदे काढले गेले आणि 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या कामाचं कौतुक आम्ही कॉलेजात ऐकतच मोठे झालो. पण 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधली, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेतली, दरड रुळावर आली, गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. फार महाग पडलेला धडा. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पावसाळ्यात गस्त घातली जाते, आणि दरवर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या वेगळ्या, संथ वेळापत्रकावर धावतात. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही, अशा सूचना लोकोपायलटला असतात. नवा लोकोपायलट आला, नवा स्टेशनमास्तर आला, तरी धडा त्याच्या हातात आपोआप पडतो, कारण तो वेळापत्रकात आहे.

म्हणून सध्या ज्या योजनेचा कार्यक्रम मी करतेय त्यात तीन ओळी मी हट्टाने घातल्या आहेत. उद्भवाची क्षमता चाचणी, 15 एप्रिल ते 31 मे, वाडीतल्या वयस्कर बायकांसह पाहणी करून. पाखाडीतली खोदाई, माघाअखेर पूर्ण. संमतीपत्रं, गणेशोत्सवात. प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव आहे, चाचणीपुढे माझं. शिमगा आणि गणपती आता बारचार्टवर रंगाने भरलेले आहेत.

पहिल्या ओळीवर अजून मान्यता आलेली नाही. चाचणीसाठी मेपर्यंत थांबलो तर पाईपची ऑर्डर पावसाळ्यानंतर जाईल आणि यंदाचा खर्च दिसणार नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. मी सुचवलंय की वाडीअंतर्गत वितरणाचे पाईप आत्ताच मागवू, ते उद्भव कुठेही ठरला तरी लागणारच आहेत. ऊर्ध्ववाहिनीचे तेवढे थांबवू. सोमवारी पुन्हा बैठक आहे. या वेळी मुकादमाला सोबत नेणार आहे.