आमची वाटचाल : कांडीकडून गाठीकडे

आमच्याकडे तयार फ्रेंडशिप बँड मिळत नाहीत. ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की दुकानदारांचे फोन सुरू होतात, 'ताई, शंभर नग पाठवा,' आणि आम्ही नाही म्हणतो. हिशेब साधा आहे. सहा दोऱ्यांचा, बाणाच्या नक्षीचा एक बँड करायला सरावलेल्या हातालाही तास-दीड तास लागतो; नवख्याची तर अख्खी दुपार जाते. रस्त्यावर रबरी आणि रिबिनीचे बँड दहा-वीस रुपयांत मिळतात. त्या भावात कुणाचा दीड तास विकायचा? म्हणून आम्ही दोरा विकतो आणि गाठ शिकवतो. बँड ज्याचा त्याने करायचा.

आमचं घर यंत्रमागवाल्यांचं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाने तोच धंदा धरला. सासऱ्यांचे माग मंदीत विकावे लागले, शेड तेवढी मागे राहिली. जाऊबाई शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. मुलींना राख्या, तोरणं शिकवताना त्यांच्या वर्गात हे गाठींचे बँड शिरले आणि मग घरी सगळ्यांच्या मांडीवर परीक्षेचं पॅड आलं. पॅडच्या चिमट्यात दोरे अडकवले की दुसरं काही लागत नाही. हे काम मध्य अमेरिकेतलं, ग्वाटेमालाच्या बाजूचं. तिथून ते अमेरिकेत गेलं आणि तिथल्या कॉलेजांतून जगभर. पण आमच्या सासूबाईंना त्यात परकं काही वाटलं नाही. पटवेकऱ्याकडून दागिने गाठवून घेतलेल्या बाईला दोऱ्याच्या गाठीचं काय नवल?

सुताच्या गावात दोरा फुकट मिळत असेल, असं पाहुण्यांना वाटतं. मागाचं सूत या कामाचं नाही. ते एकपदरी असतं. गाठ आवळली की तुटतं. इथे लागतो भरतकामाचा सहापदरी, मर्सराइज्ड (प्रक्रियेने चकाकी आणि मजबुती आणलेला) सुती दोरा. रेशमी दिसणारा कृत्रिम दोरा लडीत सुंदर दिसतो, पण गाठ धरत नाही, सुटते. जरीचा तर नवख्याच्या हातात देऊच नये. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या लाल रंगाने घामात पांढरा दोरा गुलाबी केला. तेव्हापासून लाल, निळा आणि काळा यांचा प्रत्येक नवा माल ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवल्याशिवाय आम्ही फोडत नाही.

गावाकडून मिळाली ती रीत. फळीवर ४० सेंटीमीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या आहेत. त्यांच्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि एका खुंटीशी कापायचा, की ८० सेंटीमीटरचे सारखे दोरे हातात. मागाचा ताणा, म्हणजे उभे दोरे, लावताना पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ८ मीटरच्या लडीत असे १० दोरे बसतात, चिंधी उरत नाही. कापायला आणि भरायला येतात त्या मावशी पूर्वी मागाच्या कांड्या, म्हणजे आडव्या दोऱ्याच्या नळ्या, भरायच्या. त्यांच्या बोटांना दोऱ्याचा ताण मोजायची सवय आहे, आणि या कामात खरं शिकायचं असतं ते ताण मोजणंच.

गाठी चारच. डावा दोरा उजव्यावर इंग्रजी चारच्या आकारात ठेवायचा, त्याचं टोक खालून काढून वर ओढायचं, आणि हेच पुन्हा एकदा. दोनदा केलं की एक गाठ. डावा दोरा उजवीकडे गेला, म्हणून आम्ही तिला 'जाणारी' म्हणतो. उलटी ती 'येणारी'. पहिली अर्धी जाणारी आणि दुसरी अर्धी येणारी केली तर दोरा आपल्या जागी परततो, ती 'जाऊन-येणारी', चौथी 'येऊन-जाणारी'. ही नावं जाऊबाईंची. नक्षीच्या कागदावर गोलात बाण असतात, ते बघून मुलं गोंधळतात. नावं मोठ्याने म्हणत केली की हात चालतो.

नवख्यांची बहुतेक रड दोन जागी असते. एक तर दुसरी अर्धी गाठ विसरतात, मग नक्षीत भोकं पडतात. दुसरी जागा अवघड. प्रत्येक गाठीत एक दोरा ताठ राहतो आणि दुसरा त्याला वेटोळं घालतो. वेटोळं घालणाऱ्याचा रंग दिसतो, ताठ असलेला आत लपतो. आवळताना भलताच दोरा ताणला गेला की दोघांच्या भूमिका बदलतात आणि पिवळ्याच्या जागी निळा ठिपका उमटतो. 'ताई, तुमचा नमुना चुकलाय,' अशा तक्रारींमागे जवळपास नेहमी हेच असतं. तेव्हा आम्ही फोटो मागवतो आणि कुठली गाठ उलटली ते सांगतो. ती टाचणीने सोडवून पुन्हा घालता येते.

आमच्या किटमध्ये म्हणून दोनच नक्ष्या आहेत. तीन रंग, प्रत्येकाचे दोन दोरे. आधी तिरकी पट्टी: डावीकडचा पहिला दोरा सगळ्यांवर जाणारी गाठ घालत उजव्या टोकाला पोचतो, मग पुढचा. एकाच प्रकारची गाठ असल्यामुळे हात बसतो. पट्टी पिळासारखी वळायला लागते तेव्हा मुलं घाबरतात. सगळ्या गाठी एकाच दिशेच्या आणि घट्ट असल्या की ती वळणारच. हात सैल ठेवा, शेवटी वाफेची इस्त्री फिरवा. मग बाण: रंग आरशासारखे मांडायचे, डाव्या कडेचा जाणाऱ्या गाठींनी मध्यापर्यंत, उजव्या कडेचा येणाऱ्या गाठींनी मध्यापर्यंत, आणि मध्यात दोघांची गाठ. दोन्ही बाजूंचा ताण सारखा असेल तर टोक नीट येतं, नाहीतर बाण वाकतो. पंधरा नक्ष्यांचं रंगीत पुस्तक देणारी किटं बाजारात आहेत. ती दिसायला भारी, पण भेट म्हणून दिली जातात आणि कपाटात राहतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत गायिका टेलर स्विफ्टच्या २०२३ च्या दौऱ्यात प्रेक्षक एकमेकांना मण्यांचे बँड द्यायला लागले, तसे आमच्याकडे मण्यांसाठी फोन आले. अक्षरांचे मणी ओवायला दहा मिनिटं लागतात. आम्ही ते ठेवले नाहीत, पण त्यातून नावाच्या बँडची मागणी कळली, आणि ते गाठींनीही होतं. आडवा जाणारा एक लांब दोरा, उभे दोरे तितके जितकी अक्षराची उंची. जमिनीचा, म्हणजे अक्षरामागचा, रंग हवा तिथे आडव्याने उभ्यावर गाठ घालायची, अक्षर हवं तिथे उभ्याने आडव्यावर. तो आडवा दोरा गुंतत राहतो, म्हणून आम्ही तो पुठ्ठ्यावर गुंडाळून देतो. मावशी त्याला अर्थातच कांडी म्हणतात.

रोमन अक्षर पाच-सात गाठींच्या उंचीत मावतं. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. 'मीना' नऊमध्ये बसतं, 'सुमेधा'ला अकरा लागतात. शिरोरेषा मात्र सुखाची: नावभर एकच उभा दोरा, प्रत्येक ओळीत त्याची गाठ. चौकटीच्या वहीत आम्ही स्वर आणि व्यंजनं बसवून घेतली आहेत आणि तो तक्ता किटबरोबर फुकट देतो.

राखी पौर्णिमा झाली की आमचा हंगाम ओसरतो. मग शाळांचे कार्यानुभवाचे वर्ग आणि मे महिन्याची शिबिरं यांच्यावर शेड चालते. मोकळ्या दिवसांत जोडाक्षरांचं काम सुरू आहे. 'प्र' आणि 'त्र' झाले, 'ज्ञ' अजून ओळखू येत नाही, आणि 'श्रद्धा' नावाच्या मुलींना तूर्त थोडं थांबायला सांगतो.