माती ओली, तरी झाड माना टाकतंय!

टोमॅटोच्या म्युटंट लाइन्सवर, म्हणजे एखादा जीन बदललेल्या वाणांवर, दुष्काळाची ट्रायल लावली होती आणि त्यातली एक लाइन पाणी तोडायच्या आधीच भर दुपारी माना टाकायला लागली. कुंडीतली माती ओली, मुळं धुवून बघितली तर पांढरीशुभ्र, कूज वगैरे काही नाही. सगळ्यांचा पहिला संशय अ‍ॅक्वापोरिनवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पाणी जाऊ देणारी प्रोटीन्स, ज्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. या प्रोटीन्सचा जीन बिघडला तर मुळं पाणी ओढायला कमी पडू शकतात, त्यामुळे पटण्यासारखं होतं.

प्रेशर चेंबरमध्ये पान घालून मोजलं तर पाण्याचा ताण भरपूर, पण त्यातून काय कळणार, आवक कमी असली तरी ताण येतो आणि जावक जास्त असली तरी येतोच! मग थर्मल कॅमेरा लावला आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले. सुकलेल्या झाडाची पानं खरं तर तापायला हवीत, कारण पाणी कमी पडलं की स्टोमॅटा, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात आणि बाष्पीभवनाचा गारवा थांबतो. इथे हे एकटंच झाड शेजाऱ्यांपेक्षा गार. म्हणजे मुळं बिचारी काम करतच होती, पानांचे स्टोमॅटाच मिटत नव्हते.

आता प्रश्न असा की मिटायचा निरोपच निघत नाहीये, की निरोप येतोय पण ऐकला जात नाहीये? निरोप म्हणजे एबीए (अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड) हे झाडातलं हार्मोन, आणि तो ऐकायला ओएसटी१, एसएलएसी१ असे जीन्स लागतात. एबीए फवारलं, दुसऱ्या दिवशी दुपारी झाड ताठ! म्हणजे ऐकणारी यंत्रणा ठणठणीत, एबीए बनवणाराच कुठला तरी जीन गेलेला. टोमॅटोत फ्लाका आणि सिटिएन्स हे असे जुने प्रसिद्ध म्युटंट आहेतच, दोन्हींत एबीए बनवायची शेवटची पायरी अडते.

मग एकाने लगेच विचारलं, एबीए वाढवणारा जीन घातला की झालं ना दुष्काळाला तोंड देणारं पीक? झाड तगेल कदाचित, पण स्टोमॅटा मिटले की कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो, मग फळं कशाची धरणार? भातातला डीआरओ१ जीन मला म्हणूनच जास्त आवडतो, तो मुळं खोल न्यायला लावतो, पानांना श्वास कोंडायची वेळच उशिरा येते.