तुम्ही विचारलंत म्हणून: ती गोळी अजून चालूच?

ब्लाउजचं माप घेताना बाईच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणली की नवीन गिऱ्हाईक हमखास इकडेतिकडे बघतं. "काकू, घड्याळ कुठं वाजतंय हो?" दुकानात भिंतीवर घड्याळ आहे, पण ते दोन वर्षांपासून बंद आहे. वाजते ती माझ्या हृदयातली झडप.

मग थोडक्यात सगळं सांगावं लागतं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो. "म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी अजून चालूच? ऑपरेशनला इतकी वर्षं झाली, आता बंद नाही का करता येत?" हाताला माप असतं, दारात दुसरी बाई थांबलेली असते, म्हणून मी "नाही हो, कायमची आहे" एवढंच म्हणते. खरं उत्तर लांबलचक आहे, कारण मी ती एकदा बंद केली होती.

आधी झडपेचं सांगते. लहानपणी मला सारखा घसा धरायचा. मग एका पावसाळ्यात ताप आला आणि गुडघे, घोटे पाळीपाळीने सुजले. सुज उतरली, सगळे विसरले. पण तो ताप सांध्यांवरून हृदयात उतरून बसला होता, हे मी वीस वर्षांची झाल्यावर, जिना चढताना धाप लागायला लागल्यावर कळलं. ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात त्याला. दर एकवीस दिवसांनी ते बारा लाख युनिटचं पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलेल्या बायका माझ्या वयाच्या बऱ्याच असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. डाव्या बाजूची मायट्रल झडप आक्रसत गेली आणि १९९८ साली पुण्यात ती काढून तिथं कृत्रिम बसवली. काळ्या चकचकीत कार्बनच्या दोन पाकळ्या, आणि कडेला विणलेल्या पॉलिएस्टरची गोल पट्टी. त्या पट्टीतून टाके घालून झडप हृदयाला शिवतात. हे ऐकल्यावर भीती वाटायच्या आधी मी विचारलं होतं, "दोरा कुठला वापरता?" डॉक्टर हसले. म्हणाले, पॉलिएस्टरचाच, वेणीसारखा गुंफलेला. इचलकरंजीची बाई, माझा जीव पॉलिएस्टरवर टांगलेला असणार नाही तर कशावर!

तपासणीच्या रांगेत ओळख झालेल्या एका ताईंची झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं तयार केलेली आहे. डॉ. वलियाथन यांच्या चमूनं ती बनवली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली. तिच्यातली तबकडी प्लास्टिकची असते, त्यामुळे तिचा आवाज माझ्यापेक्षा कमी येतो. मला त्याचा जरा हेवा वाटतो.

आता गोळी. माझ्या गोळीचं नाव ॲसेनोकुमारॉल. "रक्त पातळ करायची" हे आपलं बोलायचं झालं. रक्त पाण्यासारखं पातळ वगैरे काही होत नाही, ते गोठायला वेळ लावतं, इतकंच. ते गोठतं कशानं हे मला विरजणावरून कळलं. दुधाचं भांडं सारखं हलवत राहिलात तर दही नीट लागत नाही, कोपऱ्यात शांत ठेवलं की घट्ट लागतं. हृदयातही तेच. शाळेच्या पुस्तकात आम्ही कर्णिका आणि जवनिका शिकलो होतो, त्यातल्या डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. हृदयाचा ठोका ताल सोडून थरथरायला लागला की या पिशवीतलं रक्त नीट ढवळलं जात नाही आणि तिथंच गुठळी धरते. हा ताल सुटण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, नुसता असला तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. त्यात झडप आक्रसलेली असेल तर कितीतरी जास्त. माझ्यासारखीला शिवाय आत कायमची परकी वस्तू. रक्ताला परकं काही दिसलं की ते त्यावर धरायला बघतं, आपण बोटावरच्या कापलेल्या जागी खपली धरतो तसं. आणि ती खपली सुटली की डावीकडून निघालेलं रक्त थेट वर मेंदूत जातं.

यांत्रिक झडप बसवलेल्या शंभर माणसांनी काहीच घेतलं नाही, तर वर्षाला सुमारे चौघांना मोठी गुठळी उडून लागते. गोळी नीट घेतली तर एकाला. नुसत्या ॲस्पिरिनवर दोघांना. "आमच्या ह्यांना पण रक्त पातळ करायची गोळी आहे, पण ते तर तुमच्यासारखी रक्ताची तपासणी करत नाहीत," असं म्हणणाऱ्या बायकांच्या घरी बहुतेक ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असतं. ते वेगळं औषध, वेगळ्या कामाचं. नाव एकच पडल्यामुळे फार घोळ होतो.

शंभरात चार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मलाही वाटला होता.

२०११ ची गोष्ट. अक्कलदाढ किडली होती. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच दिवस गोळी बंद ठेवा आणि या. हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं ना त्यांना सुचलं, ना मला. पाचव्या दिवशी त्यांच्याकडे काही अडचण निघाली, दाढ पुढच्या आठवड्यावर गेली. त्या वेळी खरं म्हणजे गोळी लगेच सुरू करायला हवी होती. मी केली नाही.

का केली नाही, हे मी घरात कुणाला फार वर्षं सांगितलं नव्हतं. शिवणारणीच्या बोटाला सुई लागतेच. अंगुस्तान घातलं तरी दुसऱ्या हाताला लागते. इतर बायका बोट चोखतात आणि पुढे शिवतात. माझं बोट दहा-दहा मिनिटं थांबत नाही. लग्नसराईत क्रीम रंगाच्या रेशमी ब्लाउजवर असा ठिपका पडला की थंड पाणी आणि मीठ घेऊन बसायचं, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून धडपडायचं, कधी कापडाचे पैसे भरून द्यायचे. त्या पाच दिवसांत काय झालं असेल, तर सुई लागली आणि रक्त आपोआप थांबलं. इतकं साधं सुख मला तेरा वर्षांत मिळालं नव्हतं. हातात नवरीचे सात ब्लाउज होते. म्हटलं, अजून चार दिवस. काही होत तर नाहीये.

अकराव्या दिवशी दुपारी कात्री हातातून पडली. उचलली, परत पडली. उजवा हात माझा आहे असंच वाटेना. मदतीला येणारी मुलगी काजं करत होती, तिला "कात्री दे" म्हणायला गेले आणि तोंडातून "परात" आलं. परत प्रयत्न केला, परत परातच. मला आत स्वच्छ कळत होतं की शब्द चुकतोय. ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. ओठाचा एक कोपरा खाली आला होता.

सासूबाई आतून आल्या. म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं, हिला गावाकडं लेप लावणाऱ्याकडं न्या. यांनी लिंबू सरबत केलं. शुगर उतरली असेल म्हणून. ते मी प्याले नाही हे नशीब, कारण अशा वेळी गिळता येत नसेल तर सरबत फुफ्फुसात जातं. वीस-पंचवीस मिनिटांनी हात परत आला, शब्दही आला. मी म्हटलं, झालं बरं, उरलेले हूक लावून घेते. तर ती पोरगी, एकोणीस वर्षांची, शटर ओढून उभी राहिली. "आधी दवाखाना, मग हूक." तिचं ऐकलं.

सीटी स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव नव्हता. आयएनआर १.२ निघाला. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती पट वेळ लागतो त्याचं माप. गोळी न घेणाऱ्याचा १ च्या आसपास असतो, माझा २.५ ते ३.५ मध्ये असायला हवा. म्हणजे माझ्या अंगात गोळी नव्हतीच. घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, झडपेवर काही मोठं नव्हतं, जे होतं ते उडून, मेंदूत अडकून, विरघळून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असा येऊन गेलेला झटका हा पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा सगळ्यात मोठा इशारा असतो. "बरं वाटलं म्हणून घरी बसलेले लोक मग दोन दिवसांनी स्ट्रेचरवर येतात." आठ दिवस ठेवून घेतलं, हेपारिन, म्हणजे गुठळी रोखायचं इंजेक्शन दिलं, गोळी परत बसवली.

आता बाकीच्या प्रश्नांकडे येते. सगळ्यांची गोळी कायमची नसते. मोठा हार्ट अटॅक येऊन हृदयाचं टोक नीट हलत नसेल तर तिथं गुठळी धरते. अशांना काही महिने देतात, मग इको बघून ठरवतात. हृदयाचा ताल सुटलेल्यांना बहुधा लांबवर घ्यावी लागते, पण झडप ठीक असेल तर अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डाबिगॅट्रान अशा नव्या गोळ्या आहेत, त्यांना आयएनआरची कटकट नाही. "मग तुम्ही पण त्याच घ्या ना!" हे मला एका भाचीनं अमेरिकेतून फोनवर सांगितलं. मी विचारून आले. कृत्रिम यांत्रिक झडपेवर डाबिगॅट्रान देऊन पाहिलं होतं. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही जास्त झाला, म्हणून २०१२ मध्ये तो प्रयोग अर्ध्यावरच थांबवला. ऱ्हुमॅटिक झडप आणि ताल सुटलेला, अशा साडेचार हजारांवर रुग्णांत रिव्हरोक्साबॅनची तुलना माझ्या गोळीच्या जातीच्या जुन्या गोळीशी केली, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. त्यात आपल्या देशातलेही रुग्ण होते. जुनी गोळीच सरस ठरली. हा आजार श्रीमंत देशांतून जवळजवळ गेलाय, त्यामुळे आपल्यासारख्यांवर इतका मोठा अभ्यास झाला याचंच मला अप्रूप वाटलं.

त्याच भाचीच्या मुलानं शोध लावला, "आजी, तू उंदराचं औषध खातेस!" खोटं नाही. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात कुजकट स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं वेगळं काढलं. त्यावरून वॉरफरिन तयार झालं, ते १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. माझी ॲसेनोकुमारॉल त्याच्याच भावकीतली. ओल्या, बुरशी लागलेल्या वैरणीची भीती आमच्याकडच्या म्हैसवाल्यांना सांगायला नको, म्हणून ही गोष्ट मी दुकानात आवडीनं सांगते.

पालेभाजीच्या बाबतीत मात्र माझ्यावर अन्याय झाला. ऑपरेशननंतर हातात जो कागद दिला त्यावर "पालेभाज्या बंद" असं होतं. मी सात वर्षं मेथी, शेपू, अळू तोंडात घातलं नाही. श्रावणात जेवायला बोलावलं की अळूच्या भाजीकडे बघत वरणभात खायचे. पालेभाजीतलं इथं महत्त्वाचं ते क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व. ते गोठवायला मदत करतं आणि गोळी त्याच्याच आड येते. म्हणून एक दिवस ताटभर आणि मग महिनाभर नाही, हे वाईट. पण आठवड्याला तेवढीच, ठरल्यासारखी खाल्ली तर गोळीचा डोस त्यावर बसवता येतो. हे नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्याच दिवशी मेथीची जुडी आणली.

खरी भीती भाजीची नाही, मेडिकलच्या काउंटरवरून विचारता-विचारता मिळणाऱ्या गोळ्यांची आहे. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल घेतलं की आयएनआर चढतो. कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅक घेतलं की पोटात रक्तस्राव व्हायची भीती. आणि गोळी प्रमाणाबाहेर गेली तर डोक्यातही रक्तस्राव होतो, तोही पक्षाघातच. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, तर ॲस्पिरिन चारू नका म्हणतात ते यासाठी. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. गुठळी असेल तर विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. माझा आयएनआर नीट असेल तर ते मला देताच येणार नाही, मला तारेनं गुठळी ओढून काढता येते अशा मोठ्या रुग्णालयातच न्यायला हवं. हे एका कागदावर लिहून मी झडपेच्या कार्डाबरोबर पर्समध्ये ठेवलंय, आणि त्या पोरीला, जिचं आता स्वतःचं दुकान आहे, तिलाही दिलंय.

ती दाढ पुढे गोळी बंद न करता काढली. आयएनआर बघितला, जागेवर टाका घातला, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा बोळा चावून तासभर बसले. दोन दिवस लाल थुंकी आली, मग थांबली.

गेल्या महिन्याचा आयएनआर २.९. रात्री शटर ओढलं की गल्ल्याशेजारच्या डबीतून गोळी घेते, सोमवारी आणि गुरुवारी अर्धी जास्त. क्रीम रंगाचं कापड आलं की हातशिलाईचं काम शेजारच्या वहिनींना देते, आणि मशीनवरचं तेवढं मी करते.