पाडव्याआधीची आवराआवर

जानेवारीच्या पहिल्या तारखेपेक्षा चैत्र शुद्ध प्रतिपदेला वर्ष सुरू झाले, असे मला अधिक मनापासून वाटते, कारण फाल्गुन संपताना पुण्यातल्या झाडांना कोवळी पालवी फुटलेली असते आणि नव्याची चाहूल दिनदर्शिका न पाहताही लागते. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या या दिवसासाठी आपण माळे झाडतो, तांब्या घासतो, मंडईतून गाठी आणि कडुलिंबाचे डहाळे आणतो. मनाची आवराआवर मात्र राहून जाते.

त्यासाठी मी आदल्या संध्याकाळी पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या सावकाश चढते आणि वर बसून, वर्षभर मनात घोळत राहिलेल्या गोष्टी वहीत लिहून काढते. कोणाशी अबोला धरला, कोणती काळजी माझ्या हातातली आहे, कोणती मुळीच नाही. हातातल्या काळजीपुढे पहिले छोटे काम लिहायचे आणि उरलेल्यांवर रेघ मारायची. लिहिल्याने काळजी नाहीशी होत नाही, पण तिचा आवाका दिसतो आणि त्यामुळे भीती ओसरते, असा माझा अनुभव आहे.

आशावादी राहण्यासाठी दुःखाकडे पाठ फिरवावी लागत नाही, हे मला पाडव्याच्या प्रसादातूनच पटते; कडुलिंबाची पाने, गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटली, की त्यातले कडू वेगळे काढता येत नाही.

यंदा वहीतला पहिला अबोला मोडण्यासाठी फोन मीच करणार आहे, आणि तोही सूर्यास्ताला गुढी उतरवण्यापूर्वी.