झेनचे पुढचे ब्रेक: डावा आतला पॅडच का संपतो?

माझ्या जुन्या झेनच्या इंजिन माउंटिंगचं काम झालं की ब्रेककडे वळायचं ठरवलं होतं. त्यातलं पुढच्या चाकांचं काम आता पूर्ण झालंय. गाडी १९९९ ची मारुती झेन, ९९३ सीसी, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. ती चिपळुणात फिरते, अधूनमधून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडला जाते. म्हणजे कोकणातला दमट पावसाळा आणि घाटाचा उतार, दोन्ही तिच्या वाट्याला आहे. ब्रेकचा कस लागायला एवढं पुरेसं आहे.

तक्रार अशी होती: घाट उतरून पोफळीत थांबलं की डाव्या पुढच्या चाकाच्या रिमजवळ हात नेववत नसे, उजव्याजवळ मात्र खुशाल नेता येई. डाव्या रिमवर काळी भुकटीही जास्त. आणि ब्रेकवरून पाय काढल्यानंतरही गाडी जराशी डावीकडे जात राहायची. याआधी गॅरेजमधून नवे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे) टाकून मिळाले होते, पण जुने असे एकसारखे का झिजले नाहीत, हे कोणी पाहिलं नव्हतं.

माझं ठाम मत आहे की निघालेले पॅड हा ब्रेकचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल असतो. ते भंगारात टाकण्याआधी चारही ओळीने मांडा, कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, वरची बाजू कुठली, हे मार्करने मागच्या पत्र्यावर लिहा आणि व्हर्नियरने मापा. पत्रा सोडून फक्त मटेरियल मोजायचं, तेही वर आणि खाली, दोन्ही टोकांना.

माझी मापं अशी आली. उजवा आतला साधारण ६ मिमी, उजवा बाहेरचा साडेसहा. एवढा फरक चालतो, पिस्टन थेट आतल्या पॅडलाच ढकलतो म्हणून तो थोडा जास्त झिजतोच. डावा आतला मात्र जेमतेम २ मिमी. आणि डावा बाहेरचा खालच्या टोकाला ६.१, वरच्या टोकाला ७.२, म्हणजे पाचरीसारखा तिरका.

सगळं उत्तर या तिरक्या पॅडमध्ये होतं. या गाडीचं कॅलिपर (डिस्कवर बसणारी, पॅड दाबणारी लोखंडी पकड) तरंगतं असतं, पिस्टन एकच आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने अख्खं कॅलिपर दोन पिनांवरून आतल्या बाजूला सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून आणतं. पिना अडकल्या तर कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. एकच पिन अडकली तर कॅलिपर एका बाजूने धरून राहिलेल्या ड्रॉवरसारखं तिरकं होतं. ज्या टोकाला पिन अडकली त्या टोकाला बाहेरचा पॅड कमी झिजतो. माझा वरच्या टोकाला कमी झिजला होता, म्हणून पहिला संशय वरच्या पिनवर.

पण संशयावर पार्ट बदलायचे नसतात. आतला पॅड लवकर संपण्याची आणखी दोन कारणं असू शकतात: पिस्टन मागे न येणं आणि होज पाइपने (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीने) प्रेशर धरून ठेवणं. दोन्ही तपासून बाजूला काढली.

होजची तपासणी सोपी आहे आणि तिच्याने बराच खर्च वाचतो. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर कधीच नाही), मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन चालू करून पेडल जोरात दाबलं, सोडलं आणि डावं चाक हाताने फिरवलं. जड फिरत होतं. मग ब्लीडरचा (कॅलिपरमधून ऑइल-हवा बाहेर काढायच्या तोंडाचा) नट सैल केला. चाक लगेच मोकळं झालं असतं, तर लाइनमध्ये प्रेशर अडकलंय असा अर्थ निघाला असता. जुन्या होजचा आतला थर फुगतो, ऑइल जोराने पुढे जातं पण परत यायला वाट राहत नाही. तसं असतं तर मास्टर सिलिंडरजवळचा (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरजवळचा) जोड सैल करून दोष होजचा की मास्टर सिलिंडरचा, हेही वेगळं करता आलं असतं. माझं चाक ब्लीडर उघडल्यावरही तसंच जड राहिलं. म्हणजे दोष ऑइलच्या वाटेत नाही, लोखंडात आहे.

मग पिस्टन. कॅलिपर उतरवून तारेने सस्पेंशनला बांधलं (होजवर लोंबकळू देऊ नका, होज आतून फाटतो). सी-क्लॅम्प आणि जुन्या पॅडचा पत्रा लावून पिस्टन हळूहळू आत दाबला. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून ऑइल बाटलीत काढलं, कारण तसंच दाबलं तर टाकीतलं ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं. पिस्टन कुठेही न अडकता आत गेला, रबरी बूटही शाबूत होता. पिस्टन मागे आणायला इथे स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील दाबाने वाकतं आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला किंचित मागे ओढतं. हे सील कडक झालं किंवा पिस्टनला गंज चढला की पॅड घासत राहतो. माझ्याकडे ते ठीक निघालं.

शेवटी पिना. खालची बोटाने फिरली. वरची फिरेना. पकडीने वळवून, भेदक तेल मारून, थोडी थोडी हलवत बाहेर काढली. पिनेच्या बूटाला (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी टोपणाला) बारीक चीर होती, आत पाणी शिरून गंज चढलेला, आणि टोकाचं रबरी बुश फुगून भोकात घट्ट बसलेलं. बुश फुगण्याचं कारण ग्रीस. पेट्रोलियमचं साधं ग्रीस ब्रेकमधलं ईपीडीएम रबर फुगवतं. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. बेअरिंगच्या डब्यातलं ग्रीस बोटावर घेऊन लावायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती चांगल्या पिनेची वाट लावते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

भोक गोल ब्रशने साफ केलं, ब्रेक क्लीनरने धुतलं. गंजाचे खड्डे पडलेली पिन आणि बुश नवे घेतले, बूट दोन्ही बाजूंचे बदलले. माझ्या गाडीत बुशवाली पिन वर आणि साधी खाली होती, ही जागा बदलू देऊ नका. ग्रीस पातळ थरानेच लावा. भोक बंद टोकाचं असतं, जास्त भरलं की आत हवा कोंडते आणि पिन पुन्हा बाहेर ढकलली जाते.

एक गोष्ट जवळजवळ सुटली असती. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपवर बसतात, त्या क्लिपखाली ब्रॅकेटवर (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीवर) गंजाचा थर साचला होता. हा थर क्लिपला वर उचलतो आणि पॅड खोबणीत आवळून बसतो. क्लिपा काढून ब्रॅकेट कानशीने आणि वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ केलं. पॅड हाताने सहज सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागला तर अजून साफ करायचंय असं समजा. धूळ मात्र कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानेच काढा.

डाव्या डिस्कची आतली बाजू चरे पडून खराब झाली होती आणि जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मापाच्या फारच जवळ आली होती. लेथवर मारून अजून पातळ करण्यात अर्थ नव्हता. डिस्क दोन्ही बाजूंच्या नव्या, पॅडही दोन्ही बाजूंचे. ब्रेक ऑइल डॉट ३ नवं भरून हवा काढली. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, कोरडं असताना उकळणबिंदू किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात पेडल स्पंजासारखं लागण्याचं हे एक मोठं कारण, म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून ताशी ५० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारले, मध्ये डिस्क थंड होऊ दिली, गरम असताना पेडल दाबून उभा राहिलो नाही. मग सपाट रस्त्यावर थोडा फेरफटका मारून इन्फ्रारेड थर्मामीटरने मापलं. चकचकीत डिस्कवर आकडा चुकतो, म्हणून मधल्या, पॅड न घासणाऱ्या भागावर, दोन्हीकडे एकाच जागी. आधी डावी ११८ अंश, उजवी ७४ होती. आता ८१ आणि ७८.

पुढचं काम मागच्या ड्रमचं. तिथले आपोआप जुळणारे अ‍ॅडजस्टर अडकले असतील, तर शू ड्रमपासून लांब राहतात आणि मागच्या वाट्याचं कामही पुढच्या पॅडवर येतं. हँडब्रेक ओढताना टिकटिक आवाज वाढलेत, म्हणजे तो आधीपेक्षा जास्त ओढावा लागतो, त्यामुळे तसं असण्याची शक्यता वाटते. ड्रम उघडले की शूची जाडी डावी-उजवी मापून लिहीन. पुढचे पॅडही पावसाळा संपल्यावर पुन्हा काढून चारहींची दोन्ही टोकांना मापं घेणार आहे.