उघड्या दारातले प्रश्न

धुळ्यातील एका रक्तपेढीत मी चौदा वर्षांपासून तंत्रज्ञ आहे. कागदोपत्री तिला आता रक्तकेंद्र म्हणतात, परंतु रिक्षावाल्याला तसे सांगितले तर तो विचारात पडतो. पुढे लिहिलेल्या प्रसंगातील माणसांची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील मी बदलले आहेत. माझ्याकडून जे घडले, ते मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, तिसरा दिवस होता. आमच्याकडे हे दिवस वर्षातले सर्वांत ओढाताणीचे असतात. महाविद्यालयांना सुट्टी, घरोघरी लग्ने, त्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही असे ऊन, त्यामुळे शिबिरे जवळजवळ बंद पडतात. शीतपेटीत एरवी जिथे पिशव्यांच्या रांगा असतात, तिथे त्या दिवशी बी पॉझिटिव्हच्या मोजून चार पिशव्या होत्या. रात्री साडेनऊला शिंदखेडा तालुक्यातील एका गावाहून अकरा माणसे क्रूझर गाडी भरून आली. आखाजीसाठी माहेरी आलेली त्यांची लेक शहरातील एका रुग्णालयात बाळंत झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी तीन पिशव्या मागवल्या होत्या.

रक्त देताना आमच्याकडे नेमके काय चालते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. फळीवरची वस्तू काढून हातात द्यावी तसे ते नाही. रुग्णाचा गट पुन्हा तपासायचा, तिच्या रक्तातला द्रवभाग आणि दात्याच्या रक्तपेशी एकत्र करून त्या गुठळतात का ते पाहायचे, यात पाऊण तास सहज जातो आणि तेवढा वेळ खिडकीवर मुठी आपटत राहतात. लोक अजूनही ‘बाटली’च मागतात, काचेच्या बाटल्या जाऊन किती काळ लोटला, तरी शब्द गेलेला नाही. त्या रात्री पहिल्या दोन पिशव्या मी बदली रक्तदात्याची, म्हणजे नेलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणाऱ्या नातेवाइकाची, वाट न पाहता दिल्या, कारण नियम तसा आहे आणि तो योग्यच आहे. तिसरीही जुळवायला घेतली होती. म्हणजे पुढे जे काही झाले, ते त्या मुलीचा जीव वाचवण्यासाठी झाले नाही. ते माझी शीतपेटी भरण्यासाठी झाले, आणि हे मी आधीच लिहून ठेवतो.

अकरा जणांपैकी सर्वांत आधी पुढे आली ती मुलीची आई. रक्तातील हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही बोटातील एक थेंब मोरचूदाच्या निळ्या द्रावणात सोडतो. त्या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ इतके अचूक राखावे लागते आणि ते मी रोज स्वतः तपासतो, याचा मला अभिमान आहे. थेंब झरझर खाली गेला तर माणूस रक्त देऊ शकतो. माउलीचा थेंब क्षणभर बुडाला, मग वर येऊन तरंगू लागला. तिने दुसरे बोट पुढे केले. आमच्या भागातल्या किती बायांचे थेंब असे तरंगताना मी पाहिले आहेत, हे आता मोजण्यापलीकडे गेले आहे. गंमत अशी की ज्यांच्याकडे द्यायला नसते, त्यांचाच हात आधी पुढे येतो.

मग पुरुषांची पाळी आली. जावयाने रक्त दिले, एका चुलतभावानेही दिले. बाकीच्यांची कारणे मला पाठ आहेत: कोणाचा उपवास, कोणाला चक्कर येते, कोणी संध्याकाळी ‘थोडी घेतली’ होती. एका मुलाची आई तर त्याच्यापुढे हात आडवा करूनच उभी राहिली. “मना पोऱ्यानं रगत काढू नका, भाऊ, त्याले शेतमा काम करनं पडस.” साडेतीनशे मिलिलिटर रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जाऊ शकतो, हे मी किती वेळा सांगितले असेल! तरी ‘एकदा गेलेली ताकद परत येत नाही’ ही समजूत हलत नाही. त्याच गावात काही महिन्यांपूर्वी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर झाले, तेव्हा हीच तरुण पोरे रांगेत होती, कारण प्रत्येकाला हेल्मेट मिळणार होते. दात्याला पैसे देणे १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे. हेल्मेटचे काय, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारत नाही.

मुलीचा धाकटा भाऊ मात्र कोणतेच कारण सांगत नव्हता. तेवीस-चोवीस वर्षांचा, सुरतेच्या कापड गिरणीत कामाला, आखाजीसाठी आणि स्वतःच्या साखरपुड्यासाठी सुट्टी काढून आलेला. तो नुसताच “नको” म्हणत होता. त्याचा मामा, स्वतः साखरेचे दुखणे पुढे करून आधीच मोकळा झालेला, सर्वांत मोठ्याने ओरडत होता. आणि मग मीही त्यात तोंड घातले. मी म्हणालो, “बहिणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून गेलास ना? मग आता का मागे सरतोस?” सगळे गप्प झाले. मुलगा आत आला.

फॉर्मवर प्रश्नांची यादी असते. समुपदेशक दिवसपाळीलाच असतात, त्यामुळे रात्री ते काम माझ्याकडे येते. ड्युटीवरचे डॉक्टर नाडी आणि रक्तदाब पाहून सही करतात. मी दार उघडेच ठेवून, मामा उंबरठ्यावर उभा असताना, खडसावल्यासारखे एकामागून एक प्रश्न विचारले. कावीळ झाली होती का? नाही. बाहेर कोणाशी संबंध? नाही. सही. वजन बावन्न किलो, थेंब बुडाला. पिशवी हलवणाऱ्या यंत्रावर त्याची पिशवी झुलत असताना तो तिच्याकडेच पाहत होता. त्याने विचारले, “हे ताईलेच देतस का?” मी नेहमीप्रमाणे समजावले, की सख्ख्या भावाचे ताजे रक्त बहिणीला देणे उलट धोक्याचे ठरू शकते, शिवाय प्रत्येक पिशवीची आधी तपासणी होते. त्यावर तो म्हणाला, “तपासणीत काही निघालं तर फेकून देतस ना?” मी हसलो. खेड्यातल्या माणसाची शंका म्हणून सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलायझाची, म्हणजे रक्तातील संसर्ग शोधणाऱ्या चाचणीची, प्लेट समोर आली. स्वच्छ, रंगहीन खाचांच्या रांगेत एक खाच गडद पिवळी होती. हिपॅटायटिस बी, यकृताचा संसर्ग. पुन्हा चाचणी लावली, पुन्हा पिवळी. पिशवी वेगळी काढून नष्ट केली आणि फॉर्मवरच्या क्रमांकावर फोन केला, तर तो मामाने उचलला. क्रमांक त्याचाच होता. तोंडाशी आलेले वाक्य गिळून मी म्हणालो, “रक्तदात्याचं कार्ड न्यायला त्याला पाठवा.”

चार दिवसांनी, सुरतेला परत जाताना, तो एकटाच आला. त्याला आधीच माहीत होते. दोन वर्षांपूर्वी गिरणीतल्या शिबिरात रक्त दिल्यावर त्याला बोलावून सांगितले होते आणि पुन्हा कधी रक्त देऊ नकोस अशी ताकीदही दिली होती. मग त्या रात्री सांगितले का नाही? त्याने माझ्याकडे पाहिले. “सगळासना समोर इचारं तुम्ही, मी काय सांगू? सोयरीक मोडती.”

मी त्याला जे सांगायला हवे ते सांगितले: एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, पोटाच्या डॉक्टरांकडे नियमित तपासणी हवी, हा संसर्ग अनेकदा जन्माच्या वेळी आईकडून येतो म्हणून घरातील सर्वांची तपासणी व्हावी, आणि होणाऱ्या बायकोला लग्नापूर्वी सांगून तिला लस द्यावी. लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यावी लागते. लग्न दिवाळीनंतर होते, म्हणजे पुरेसा वेळ होता. तिला सांगण्याचा अधिकार मला नाही. त्याने मान हलवली. त्याने सांगितले असेल का, हे मला कळलेले नाही.

त्याच्या पिशवीतील संसर्ग जुना होता, म्हणून चाचणीत सापडला. नुकताच लागण झालेला एखादा माणूस त्याच्या जागी असता, तर पहिले काही आठवडे आमची एलायझा त्याला निर्दोष ठरवू शकली असती, आणि तेव्हा रुग्ण व संसर्ग यांच्यामध्ये उरतो तो फक्त त्या प्रश्नावलीतील एक खरा शब्द. बदली रक्तदात्यापेक्षा स्वेच्छेने आलेला दाता सुरक्षित का मानतात, हे मी प्रशिक्षणार्थींना दरवर्षी शिकवतो. तरी त्या रात्री “नको” म्हणणारा प्रत्येक माणूस मला भित्रा किंवा मतलबीच वाटला. लोकांच्या गैरसमजुतींवर बोलताना मी नेहमी ताकदीची गोष्ट सांगतो. नकाराबद्दलची माझी ही समजूत मात्र त्या यादीत कधीच नव्हती.

आता मी दार लावून घेतो, नातेवाईकांना बाहेर बसवतो आणि फोन क्रमांक दात्याचा स्वतःचा आहे का ते विचारतो. सहकारी म्हणतात की याने रांग वाढते. वाढतेच. वरिष्ठांकडे वेगळ्या खोलीसाठी दोनदा लेखी मागणी केली; उत्तरादाखल एक पडदा आला आहे.

मामाचा फोन मधूनमधून येतो. भाच्याचे कार्ड अजून मिळाले नाही, पुढेमागे घरात कोणाला रक्त लागले तर ते उपयोगी पडेल, असे त्याचे म्हणणे. मी दर वेळी सांगतो, की कार्डे छापायला गेली आहेत.